स्टीलहेडच्या मागावर

सिएटलमध्ये आयटीत असलेला मित्र डिसेंबरात 'वीकेंडला फोर्क्सला चाललोय' म्हणाला, तर लगेच त्याला 'ट्वायलाइट'चा फॅन ठरवू नका. २००५च्या त्या कादंबरीमुळे हे गाव जगाला कळलं खरं, पण थंडीत इथे येतात ते गळवाले. कारण शेजारच्या बोगाशील नदीत तेव्हा स्टीलहेड चढतो.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परत आलेला रेनबो ट्राउट, वॉशिंग्टनचा राज्य-मासा! पॅसिफिक सॅमनसारखा तो अंडी घालून मरतोच असं नाही.

थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर हा सीझन मुख्यतः हॅचरीत वाढवलेल्या माशांचा. ओळखायचा कसा? पाठीवर शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असेल, तर मासा तुमचा. पर शाबूत असेल तर तो जंगली. त्याला पाण्यातच ठेवून अलगद सोडायचं. गळही उलटा काटा नसलेलाच हवा.

लोचा इथेच आहे. जुन्या नोंदी सांगतात, पूर्वी जंगली मासेही डिसेंबरात मोठ्या संख्येने यायचे. हॅचरीच्या माशांसाठी टाकलेल्या गळांना तेही लागत गेले. २०२०च्या डिसेंबरात राज्याने इथल्या नद्यांवर बोटीतून गळ टाकायला बंदी घातली. २०२२मध्ये या माशांना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून अर्जही झाला.

जाणार असाल तर वेडर्स, दणकट रेनकोट घ्या आणि निघण्याआधी नियम तपासा, ते सीझनमध्येही बदलतात. दिवसभरात एकही मासा लागला नाही? बॉस, इथे ते अगदी नॉर्मल आहे!