खाडीची चिंबोरी

ओहोटीला धरमतरच्या खाडीतला चिखल उघडा पडला, की तिवरांच्या मुळांशी तिच्या बिळाचं तोंड दिसतं. दिवसा ती सहसा आतच. अंधारात पाणी चढलं की शिंपले, गोगलगायी शोधायला निघते. काळपट हिरवी पाठ, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ दाते, मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे. नांग्याही जुळ्या नाहीत. एक जाडजूड, शिंपले फोडणारी. दुसरी सडपातळ, कापणारी.

पण हे कवच वाढत नाही. अंग वाढायचं तर ते टाकावंच लागतं. पाठीमागे शिवण उसवते आणि ती उलटी सरकत बाहेर येते. डोळ्यांवरचं आवरण, जठराचं अस्तरसुद्धा जुन्या कवचात राहतं. मग पाणी पिऊन ती फुगते, लोण्यासारखी मऊ. मऊ पडलेल्याला जातभाईच खाऊन टाकतात. मादी मात्र याच अवस्थेत जुगते आणि नर तिला आधीपासून पोटाशी धरून राखण करतो. एवढ्या भांडकुदळ जातीत ही राखण बघून मला गलबलून येतं.

कवच लवकर घट्ट होतं, आत मांस भरायला वेळ लागतो. म्हणून कोळीण चिंबोरी उलटी धरते आणि मागच्या पायाजवळ अंगठा दाबते. दबली तर पाण्याची, नाही दबली तर भरलेली. भरलेलीच्या १०० ग्रॅम मांसात १८-२० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, चरबी जेमतेम. शिवाय जस्त, सेलेनियम, बी-१२ आणि तांबं. तांबं तर तिच्या रक्तातच असतं, प्राणवायू तेच वाहतं, म्हणून रक्ताला निळसर झाक. उकळत्या रश्शात हिरवं कवच लालभडक होतं, कारण प्रथिनात अडकलेला नारिंगी रंग तापल्यावर सुटतो.

लाखेच्या चिंबोरीला भाव जास्त. ती लाख म्हणजे तिचं अंडाशय. तशी मादी अंडी घालायला खाडी सोडून समुद्राकडे निघते. कधी खाडीच्या तोंडाशी पोटाखाली अंड्यांचा नारिंगी घोस घेतलेली मादी जाळ्यात येते. तिला पाटीत टाकू नये, तिथल्या तिथे सोडावी. त्या घोसात लाखो अंडी असतात. ती काळी पडली की फुटतात आणि टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं खाऱ्या पाण्यात तरंगू लागतात. पाच वेळा रूप बदलून, सहाव्या रूपात नांग्या फुटल्या, की ती किनाऱ्याकडे, तिवरांच्या चिखलाकडे वळतात.