३०० ग्रेनची गोळी

रानडुकराच्या नराच्या खांद्यावर, कातडीखाली, एक जाड आणि चिवट थर असतो. टेक्सासमधले शिकारी त्याला ढालच म्हणतात. माजावरचे नर एकमेकांवर सुळे चालवतात तेव्हा हा थर त्यांना वाचवतो, आणि वय वाढेल तसा तो जाड होत जातो. असाच एक जुना नर सोलताना त्याच्या खांद्यात कुणाची तरी गोळी सापडली. पोकळ टोकाची, छत्रीसारखी उघडलेली, भोवतीचे मांस केव्हाच भरून आलेले. ते जनावर ती गोळी अंगात घेऊन हिंडत होते. माझ्या काडतुसांची सगळी खटपट त्या गोळीपासून सुरू झाली. हरणाला अशी गोळी पुरते, कारण ती आत शिरून लगेच पसरते. डुकरासाठी मात्र पसरण्यापेक्षा आरपार जाणे महत्त्वाचे.

मी ह्यूस्टनला राहतो. इथून नैर्ऋत्येला एल कॅम्पोच्या बाजूला गेले की भातशेती लागते. माझे बालपण कुडाळजवळ गेले, त्यामुळे फुटलेला बांध पाहिला की पोटात कालवते. इथली डुकरे नेमके तेच करतात. ती बांध उकरतात, पाणी निघून जाते आणि खाचर कोरडे पडते. हे जनावर मूळचे इथले नव्हे. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे सुटून रानटी झाली आणि १९३०च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली गेली. त्यांची मिसळ आता राज्यभर पसरली आहे. मादी सहा-आठ महिन्यांत वयात येते आणि एका वेतात सरासरी पाच-सहा पिल्ले होतात. २०१९पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, ती मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. सिंधुदुर्गातला शेतकरी रात्रभर जागल करतो आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला बंदूक उचलता येत नाही. दोन्हीकडचा शेतकरी मला जवळचा आहे, म्हणून ही तफावत मनातून जात नाही.

ओढ्याकाठच्या दाट झुडपांत रायफल अडकते. तिथे मी .४४ मॅग्नमचे सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर नेतो, साडेसात इंची नळीचे. हे काडतूस १९५५-५६मध्ये बाजारात आले. त्यामागे आयडाहोच्या एल्मर कीथ यांचा ध्यास होता. जुन्या .४४ स्पेशलमध्ये जड शिशाची गोळी आणि जास्त दारू घालून ते वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिले. जड, चपट्या तोंडाची, घट्ट शिशाची गोळी मध्यम वेगाने जाऊनही खोल शिरते, हे त्यांचे म्हणणे मला डुकरांच्या बाबतीत पूर्णपणे पटले आहे.

म्हणून ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपासची गोळी घ्यायचे ठरवले आणि ती स्वतः ओतायची असेही. शिसे नव्वद टक्के, कथील पाच, अँटिमनी पाच असे मिश्रण. निव्वळ शिसे मऊ पडते आणि नळीत माखते. फार कडक केले तर हाडावर तडकण्याची भीती. हे मिश्रण दोहोंच्या मधले. बुडाला तांब्याची लहान वाटी बसवतो, म्हणजे तापलेला वायू शिशाला वितळवत नाही. ओतकाम अंगणात, वारा पाठीवर घेऊन करतो. हात धुतल्याखेरीज पाण्याच्या पेल्यालाही शिवत नाही आणि वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेतो.

गोळीचा व्यास हा खरा कळीचा मुद्दा. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्याच्या तोंडातून मऊ शिशाचा तुकडा दाबून पार केला आणि मायक्रोमीटरने मोजला. तोंडापेक्षा गोळी बारीक असेल तर वायू बाजूने निसटतो, नळी शिशाने भरते आणि नेम बिघडतो. माझ्या कप्प्यांना .४३१ इंचाची गोळी नीट बसली. बाजारातली बहुतेक .४२९ किंवा .४३० असते. स्वतः ओतण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसला.

दारूसाठी हॉजडनची एच-११० घेतली. ती सावकाश जळते आणि पुंगळीचा बराचसा भाग भरून टाकते. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तर ती काठाबाहेर सांडते, लपून राहत नाही. पण या दारूची एक कडक अट आहे. दिलेल्या मापापेक्षा ती ३ टक्क्यांहून जास्त कमी करायची नाही. कमी पडली तर ती अर्धवट पेटू शकते, गोळी नळीतच अडकू शकते आणि मग पुढची गोळी झाडली की नळी फुटू शकते. घाबरून थोडी कमी घालू, हा विचार इथे सर्वात धोक्याचा. माझे माप मी इथे लिहीत नाही. ते गोळी आणि दारू बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तकातूनच घ्यावे, आणि सुरुवात त्यातल्या खालच्या आकड्यापासून करावी. या काडतुसाच्या दाबाची मर्यादा चौरस इंचाला ३६,००० पौंड आहे, आणि तो दाब आपल्या तळहातात, तोंडासमोर हातभर अंतरावर पेलायचा असतो.

खालच्या मापापासून थोडे थोडे वर चढत गेलो. प्रत्येक टप्प्यावर प्रायमर चपटे पडले का, पुंगळ्या अलगद निघतात का, हे पाहिले. २५ यार्डांवरून, टेकू घेऊन कागदावर झाडल्या. वेग सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास आला तेव्हा भोके एकमेकांना सर्वांत जवळ पडली. अजून वर जायला जागा होती, पण तिथे भोके पांगू लागली, म्हणून मी खाली आलो. जास्तीच्या पन्नास-शंभर फुटांनी डुकराला काही फरक पडत नाही, नेमक्या जागी लागलेल्या गोळीने पडतो.

मग क्रिंपची परीक्षा, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत वळवून आवळलेले असते, ते टिकते का. रिव्हॉल्वरच्या धक्क्याने न झाडलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते, आणि ती सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. ऐन झाडीत, समोर सुळे असताना, असे होऊन चालत नाही. सिलिंडर भरायचा, एक सोडून सगळ्या झाडायच्या, आणि उरलेले काडतूस व्हर्नियरने मोजायचे. ते तसूभरही हलले नाही, तेव्हा मला खात्री पटली.

डुकराचे हृदय आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असते, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणाच्या सवयीने खांद्यामागे वर नेम धरला तर गोळी पोटाकडे जाते. चाळीस यार्डांपलीकडे मी झाडत नाही, आणि जनावर पूर्ण आडवे उभे राहिल्याशिवायही नाही.

एका संध्याकाळी बांधाच्या कडेला मोठा एकटा नर आडवा आला, तीसएक यार्डांवर. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला. तो थोडा धावला आणि ओढ्याच्या उतारावर घसरत जाऊन थांबला. मी पोचेपर्यंत श्वास संपला होता. हातमोजे घालून फाडला, कारण इथल्या डुकरांत ब्रुसेलोसिस आढळतो आणि तो रक्तातून माणसाला होतो. गोळी जवळच्या ढालीतून, हृदयाच्या वरच्या भागातून आणि पलीकडच्या ढालीतून बाहेर गेली होती. बाहेर पडतानाचे भोकही फार मोठे नव्हते, मांसाची नासाडी झाली नव्हती. घरी ते मालवणी मसाल्यात, आतले तापमान ७१ अंश सेल्सिअसच्या वर जाईपर्यंत शिजवले.

ज्याच्या शेतावर जातो त्या शेतकऱ्याला हेही स्पष्ट सांगितले की असा एकेक नर मारून त्याचे भात वाचणार नाही. अख्खा कळप एकदम धरणारे मोठे कुंपणाचे सापळेच तिथे कामाचे. ते त्याने लावले आहेत. मी उरलेल्या एकट्या नरांसाठी जातो. सध्या दारूचा डबा संपत आला आहे. नव्या डब्यावर वेगळा लॉट क्रमांक आहे, त्यामुळे पुन्हा खालच्या मापापासून सुरुवात करायची आहे.