बोट हलतं तेव्हा

अंगठा ओळीने चारही बोटांच्या टोकांना लावायचा आणि पुन्हा पहिल्या बोटावर यायचं. काम एवढंच. एमआरआयच्या अरुंद बोगद्यात उताणं झोपलेल्या माणसाला हे करायला सांगतात. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा दाबून बसवलेल्या असतात, कानात बोळे घालूनही यंत्राची ठकठक थांबत नाही. थोडा वेळ बोटं चालवायची, तेवढाच वेळ थांबायचं, पुन्हा चालवायची. या क्षुल्लक वाटणाऱ्या कामाने मला फार दिवस धरून ठेवलं आहे. माणसाच्या साध्या हालचालीमागे केवढी खटपट असते, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

या तपासणीत मेंदूचं जे चित्र निघतं, त्यामागची किमया रक्ताची आहे. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं हिमोग्लोबिन चुंबकाशी वेगवेगळं वागतात, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. पुढे १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हाच फरक एमआरआयने टिपला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्याच्याकडे ताजं रक्त धावतं. पाच-सहा सेकंदांत ते शिगेला पोचतं, आणि संगणक त्या जागेवर केशरी-पिवळा ठिपका रंगवतो. उजव्या हाताची बोटं चालली की निरोगी मेंदूत डाव्या बाजूचा एक आटोपशीर पट्टा उजळतो. सोबतीला मध्यभागी हालचालीची आखणी करणारा भाग, आणि मागे लहान मेंदूचा उजवा कोपरा. बाकी मेंदूला या कामाची फारशी तोशीस पडत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हा आटोपशीरपणा मोडतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं. त्यामुळेच वेगवान तंतूंमधून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या घरात धावतो. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा त्या आवरणावरच उलटते. जागोजागी आवरण उसवतं, व्रण धरतात, काही ठिकाणी तंतूच तुटतो. संदेश मंदावतो, अडखळतो, कधी पोचतच नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची रीतसर ओळख पटवली, तीही बरीचशी मृत्यूनंतर मेंदू उघडून. जिवंत माणसाच्या मेंदूतले हे व्रण एमआरआयवर दिसायला १९८१ साल उजाडावं लागलं.

व्रण दिसले, पण कोडं सुटलं नाही. कुणाच्या स्कॅनवर पांढऱ्या डागांची गर्दी असते आणि तो माणूस जिने चढत असतो. कुणाचे डाग मोजके आणि पाय उचलत नाही. डाग इजा दाखवतात. त्या इजेसकट मेंदू काय करतो, हे पाहायला चालत्या बोटांचीच चित्रं हवी होती. ती २००० सालच्या सुमारास ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी, आणि पुढे मिलानमध्ये मारिया रोक्का आणि मासिमो फिलिप्पी यांनी काढली. हात नीट चालणारी माणसं मुद्दाम निवडली. पहिलाच झटका आलेल्यांचा मेंदू नेहमीच्याच भागाला जास्त राबवत होता. आजार मुरला तसं काम दोन्ही बाजूंना पसरलं. आजाराच्या पुढच्या टप्प्यावर, आपण एखादी अवघड, अनोळखी हालचाल शिकताना जे भाग वापरतो, तेसुद्धा या सवयीच्या हालचालीसाठी जागे झाले होते.

पावसाळ्यात दरड कोसळून वरंधा घाट बंद झाला की भोरची माणसं ताम्हिणीवरून कोकणात उतरतात. महाडला पोचलेल्या माणसाकडे पाहून वळसा किती पडला ते कळत नाही. वेळ आणि डिझेल मात्र गेलेलं असतं. ही चित्रं त्या वळशाचा हिशेब मांडतात. बाहेरून हात तोच, ताल तोच. आत अर्धा मेंदू कामाला जुंपलेला.

या संशोधनाविषयी वाचताना मला चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे आठवत राहते. विशीत, १९६५ मध्ये, तिने संगीतकार एल्गारची चेलो कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना आजही वाटतं, की हात आणि सूर यांच्यामध्ये कुणी नाहीच. पुढे तिच्या बोटांची जाणीव हरपत गेली. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला, मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता वाद्यवृंदासमोर उभे असताना, ती तीच कन्चेर्टो वाजवत होती. बोटांना तार कळेनाशी झाली होती, म्हणून बोट कुठे पडतंय ते डोळ्यांनी पाहावं लागत होतं. स्पर्शाचं काम दृष्टी करत होती. तिच्या तक्रारी आधी मनाच्या ताणावर ढकलल्या गेल्या. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. आणि त्याच १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र प्रसिद्ध केलं होतं. आजच्या एमआरआयचा आरंभ तिथला. १९८७ मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी ती गेली. लंडनच्या त्या मैफलीत तिच्या मेंदूने किती वाटा धुंडाळल्या असतील, ते पाहायची सोय तेव्हा नव्हती.

माझी एक मैत्रीण नागपूरला राहते. तिला हा आजार होऊन बरीच वर्षं झाली. ती स्वतः साडी नेसते, निऱ्या एकसारख्या पाडते, आणि मग दहा मिनिटं पलंगावर टेकून बसते. नातेवाईक म्हणतात, ‘अगं, तू तर किती छान दिसतेस!’ मे महिन्यात तिचे पाय जास्तच जड होतात. अंग तापलं की आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडतो. श्रमानंतर या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, अशी नोंद विल्हेल्म ऊथॉफ यांनी १८९० मध्येच केली होती. कूलरसमोर तासभर बसली की ती पुन्हा उठते. पाहणाऱ्याला वाटतं, मघाशी काय झालं होतं हिला?

मेंदूचा हा पसारा म्हणजे शुद्ध विजय, असं मी मानत नाही. जास्त उजेड म्हणजे चांगली भरपाई की नुकसानीचीच खूण, यावर संशोधकांत वाद आहे. राखीव कुमक कधीतरी संपतेही. तरी या चित्रांनी एक गोष्ट माझ्यापुरती कायमची ठरवून टाकली: सहज दिसणारं सगळं सहज झालेलं नसतं. २०२० च्या एका अंदाजानुसार जगात सुमारे अठ्ठावीस लाख माणसं हा आजार घेऊन जगत होती, त्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून अधिक. त्यातल्या कित्येकींचा थकवा आळस म्हणून, नखरा म्हणून, मनाचे खेळ म्हणून घरात आणि कचेरीत मोडीत काढला जातो. ‘मी थकले’ असं त्या म्हणतात तेव्हा पुरावा मागायचा नसतो. खुर्ची पुढे करायची, कामाची वेळ बदलून द्यायची, उन्हातला हेलपाटा वाचवायचा. मेंदूत काय चाललंय हे दाखवणारं यंत्र माणसाने केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण शेजारी बसलेल्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायला त्या यंत्राची वाट पाहावी लागू नये.