इंदूरचे 42, पणजीचे 37

मार्च 2023 मध्ये आई-बाबा पहिल्यांदाच पणजीला आमच्याकडे महिनाभर राहायला आले. रंगपंचमीची गेर चुकवून आलोय, हे बाबांनी स्टेशनवरून घरी येईपर्यंत तीनदा सांगितलं. घरात पाऊल ठेवताच त्यांनी खोल्या पाहिल्या आणि विचारलं, "कूलर कुठाय?"

कूलर मीही घेतला होता, इथे नोकरीला आलो त्या पहिल्या वर्षी. इंदूरच्या मुलाला उन्हाळा म्हणजे खिडकीतला कूलर, वाळ्याचा वास आणि दुपारभर पाण्याच्या बादल्या. पणजीत तो लावला तर तासाभरात खोलीची धोब्याची भट्टी झाली. चादरी ओलसर, भिंती ओलसर, आणि आम्ही जास्तच घामाघूम. तो कूलर मी निम्म्या किमतीत विकला. बाबांना हे सांगितलं, पण पटलं नाही. "तुला पाणी मारता आलं नसेल," म्हणाले.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता. 1901 पासूनच्या नोंदींत दिवसाच्या तापमानाच्या हिशेबाने तो फेब्रुवारी देशातला सर्वांत उष्ण ठरला होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हवामान खात्याने कोकण-गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, आणि 9 आणि 10 मार्चला शाळा दुपारी बाराच्या आत सोडायचा सरकारी आदेश निघाला.

बाबांनी बातमी वाचली आणि हसले. "37 ला लाट? अरे, 37 ला आपल्याकडे लोक वरातीत नाचतात!"

मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

खरं तर नियम माझ्या फोनवरच होता. सपाट प्रदेशात पारा 40 च्या पुढे गेला तर उष्णतेची लाट धरायचा विचार सुरू होतो, किनाऱ्यावर मात्र 37 लाच. दोन्हीकडे तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावा लागतो. समुद्राकाठी तीन अंश आधीच घंटा का वाजवतात, हा प्रश्न इंजिनिअर असूनही मला पडला नव्हता.

9 तारखेला, गुरुवारी, माझी मीटिंग होती आणि बायको ऑफिसात. मुलगी दुसरीत. बाबा म्हणाले, "मी आणतो नातीला. तू तुझं काम कर." शाळा आल्तिनोच्या टेकडीखाली, आमचं घर चढणीच्या मध्यावर. जेमतेम पंधरा मिनिटांची वाट. बाबा साडेअकराला निघाले, खिशात इंदुरी पद्धतीने कांदा.

सव्वाबाराला बेल वाजली. दारात मुलगी एकटी. "बाबा, आजोबा खाली पायरीवर बसलेत. चल म्हटलं तरी उठत नाहीत."

मी धावलो. बाबांचा शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा पांढरा, पोटऱ्यांत गोळे आलेले. मला बघून म्हणाले, "काही नाही रे. घाम येतोय ना, म्हणजे ठीक आहे."

तिथेच तर सगळी चूक होती. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, तो उडून गेल्याने होतं. इंदूरच्या कोरड्या लूमध्ये घाम दिसायच्या आधीच वाळतो. इथल्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. मीठ-पाणी जातं, गारवा मिळत नाही. कूलर बिघडतो त्याच कारणाने माणूसही बिघडतो.

शेजारच्या काकी आवाज ऐकून बाहेर आल्या. आम्ही दोघांनी बाबांना धरून त्यांच्या ओसरीवर नेलं. काकींनी शर्टाची बटणं काढली, ओले पंचे मानेवर आणि काखेत ठेवले, टेबलफॅन अगदी जवळ आणला. बाबांना मळमळत होतं, म्हणून मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सकाळी ह्यांनी काय घेतलं?"

"दोनदा चहा, पोहे."

"आणि पेज?"

अकरा वाजताची पेज मी वर्षानुवर्षं शेजाऱ्यांकडे बघत आलो होतो. उकड्या तांदळाची पातळ पेज, मीठ, सोबत मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. मला ते गरिबीचं किंवा आजारपणाचं जेवण वाटायचं. उन्हात निघायच्या आधी पोटात पाणी आणि मीठ भरून ठेवायची ही इथली सोय आहे, हे त्या ओसरीवर कळलं.

काकींनीच डॉक्टरांकडे न्यायला लावलं. सलाईन लागलं. डॉक्टरांनी बाबांच्या गोळ्या पाहिल्या. रक्तदाबाची एक गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी होती. "येऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. तीन. "शरीराला नवी हवा अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुम्ही तीन दिवसांत चढण चढलात. आणि अजून तासभर असेच उन्हात राहिला असतात, बोलणं असंबद्ध झालं असतं, तर गोष्ट वेगळी होती."

त्या रात्री झोप लागेना, म्हणून मी हिशेब केला. थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळलं तर तो जो आकडा दाखवतो, तिथवरच घाम आपल्याला थंड करू शकतो. इंदूरला 42 अंश आणि हवेत 15 टक्के दमटपणा असेल, तर तो आकडा येतो सुमारे 22. पणजीला 37 अंश आणि 50 टक्के धरले, तर 28. म्हणजे शरीराच्या दृष्टीने इथले 37 तिथल्या 42 पेक्षा सहा अंशांनी जड. मीटिंगच्या आधी दोन मिनिटं काढली असती, तर हा हिशेब सकाळीही झाला असता.

उरलेले दिवस आम्ही काकींच्या घड्याळावर काढले. बाजार सात वाजता. अकराला पेज. दुपारी एक ते चार दुकानं बंद, तशी आमचीही दारं बंद. या दुपारच्या झोपेची मी ऑफिसात कितीदा टिंगल केली होती! संध्याकाळी कोकमाचं सरबत. बाबा इंदूरच्या सवयीने दिवसभर खिडक्या लावून घेत. काकी सांगत, जमिनीवरून येणारा सकाळचा वारा तापलेला, त्याला आत घेऊ नका, पण समुद्राकडचा वारा सुटला की सगळं उघडा. मार्चमध्ये हा समुद्रवारा उशिरा सुटला की किनारा तापतो, हे हवामान खातंही सांगतं. काकी ते अंगणातल्या माडाच्या झावळ्या बघून सांगतात.

जाताना आईच्या पिशवीत दोन किलो कोकमं होती. बाबांनी काकींना कैरीच्या पन्ह्याची आपली कृती लिहून दिली आणि पहिल्यांदाच कबूल केलं, "तुमचं ऊन दिसत नाही, पण लागतं."

मेमध्ये त्यांचा फोन आला. "आज इकडे 42. तुमच्याकडे?"

"34."

पूर्वी ते इथे हसले असते. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि दमटपणा किती?"