विद्यापीठ दारात आले, शिकवणार कोण?



बारावीचा निकाल लागला की वस्तीतील पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. कोणी हमाली करतो, कोणी गवंड्याच्या हाताखाली असतो, आयाबाया नंदुरबारच्या मिरची पथारीवर मजुरीला जातात. पूर्वी त्यांचा प्रश्न एकच असे, "भाऊ, पोराला कोणत्या साईडला घालू?" आता प्रश्न बदलला आहे. "भाऊ, मोबाइलवर सगळं शिकता येतं म्हणतात. मग कॉलेजात तीन-चार वर्षं घालवायची कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात एकाच्या मजुरीवर पाच तोंडे जेवतात, त्या घराला मुलाची चार वर्षे ही फार मोठी रक्कम आहे. तिचा हिशेब मागण्याचा हक्क त्या आईबापांना आहे.

हा हिशेब कोणत्या मापाने करायचा, ते बाबासाहेबांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर ते बोलले. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या देणाऱ्या विद्यापीठाचे समर्थन करता येणार नाही, उच्च शिक्षण गरजूंच्या व गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे त्याचे मूलभूत काम आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. म्हणजे मापे दोन झाली. विद्यापीठ दारापर्यंत आले का? आणि येऊन त्याने शिकवले का?

पहिले माप आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. १९९० पर्यंत आपला भाग पुणे विद्यापीठाखाली होता. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. विद्यापीठ जवळ आले खरे, पण धडगावच्या मुलाने आधी सातपुड्याचा घाट उतरायचा, नंदुरबार गाठायचे आणि मग भुसावळकडे जाणारी गाडी धरायची. एका कागदासाठी दिवस जायचा, भाडे जायचे आणि बापाची मजुरीही बुडायची. आज अर्ज, हॉलतिकीट, गुणपत्रक हे सारे संगणकावर आले आहे. आम्ही स्वतः कारकून आहोत. कागदापायी गरिबाचे किती हाल होतात ते रोज पाहतो. म्हणून या सोयीला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

आता दुसरे माप, शिकवण्याचे. आम्ही बी.कॉम. झालो ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. नोकरी सांभाळून, रात्री घरात निजानीज झाल्यावर आम्ही ती पुस्तके वाचत असू. पुस्तके सोप्या मराठीत होती, पण हिशेबातला 'घसारा' काही केल्या डोक्यात शिरेना. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असे. तिथल्या समंत्रक सरांनी विचारले, "तुमच्या घरी शिलाई मशीन आहे ना? ती दहा वर्षं चालणार असेल, तर तिची किंमत दहा वर्षांत थोडी थोडी खर्ची टाकायची, एकाच वर्षी नाही." पाच मिनिटांत उलगडा झाला. पुस्तक दारात आले होते, पण नेमके कुठे अडले हे ओळखणारा माणूस रविवारीच भेटला. शेजारच्या बाकावर एक कंडक्टर आणि एक अंगणवाडी सेविका असे. त्यांची जिद्द पाहून आमचीही परीक्षा सुटली नाही.

यंत्राने शिकवण्याचा प्रयोग काही आजचा नाही. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर लागत असे. तो बहुतेक इंग्रजीत असायचा. अहिराणी आणि भिली बोलणाऱ्या घरांना त्यातले किती कळणार? शिवाय टीव्हीला शंका विचारता येत नाही. २०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम' सुरू झाले. त्यावर नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची तर शुल्क भरावे लागते. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून घेऊ देऊ शकते. सोय मोठी आहे. मात्र तिचा अर्थ 'तेवढे प्राध्यापक कमी नेमले तरी चालतील' असा कोणी लावला, तर त्याची झळ पहिल्यांदा आपल्याच मुलांना बसेल. श्रीमंताचे मूल अडले तर घरात सांगणारा असतो, नाहीतर शिकवणी लावतात. आपले मूल अडले की अडूनच राहते.

आणि यंत्र तरी सर्वांपर्यंत कुठे पोचते? २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. परंतु दहा वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजे मोबाइलवर आली, तेव्हा डोंगरातल्या पाड्यांवरची मुले रेंज शोधत टेकड्या चढत होती. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ ऑगस्ट २०२० रोजी आला. त्या परीक्षा अनेकांनी मोबाइलवर दिल्या. आमच्या वस्तीत तीन घरांत मिळून एक चांगला फोन होता. कोणाचा पेपर कधी आहे याचे वेळापत्रक आम्ही विहाराच्या भिंतीवर लावले होते. मुले पास झाली, पण त्या वर्षी काय शिकलात असे विचारले की मान खाली घालत.

आता कंपन्यांविषयी सावधगिरीचे दोन शब्द. घरोघरी फोन करून, हप्ते बांधून कोर्स विकणारे पुष्कळ आहेत. 'बायजूज' ही या धंद्यातली एके काळची देशातली सर्वांत मोठी कंपनी. २०२२ साली तिची किंमत २२ अब्ज डॉलर धरली जात होती. जुलै २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी बुडाली तर तिचा कागद कोण विचारणार? मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी मात्र नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या यादीत आहे का, हे शिकलेल्या माणसाकडून पाहून घ्या. सरकारी शिष्यवृत्तीदेखील मान्यताप्राप्त शिक्षणालाच मिळते.

मग त्या आईबापांना आम्ही काय सांगतो? मुलाला कॉलेजात घाला, आणि मोबाइलवरचे फुकटचे ज्ञानही घेऊ द्या. कॉलेज जमत नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. मात्र दाखला घेऊन मूल रोज कॉलेजात जाते का, तिथे तास होतात का, ग्रंथालय उघडे असते का, हे विचारत जा. तास होत नसतील तर चार पालक मिळून प्राचार्यांना भेटा. जिथे तास होत नाहीत ते नुसते परीक्षेचे केंद्र झाले, आणि ते काम आता यंत्रही करू शकते. विद्यापीठाची गरज टिकेल ती अडलेल्या मुलाजवळ बसणाऱ्या माणसामुळे.

आपल्यालाही करण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती आणि आपल्या जिल्ह्याची ६४ टक्के. त्यामुळे आपल्यात शिकलेल्या प्रत्येक माणसावर जास्त जबाबदारी येते. विहारात एक टेबल, दोन दिवे, वर्गणीतून इंटरनेट आणि एक जुना संगणक एवढे झाले तरी अभ्यासकेंद्र उभे राहते. कोणी शिक्षक असेल, कोणी बँकेत असेल, कोणी नर्स. त्यांनी रविवारचा एक तास द्यावा. आमच्याकडे हिशेबाचा तास आम्ही घेतो. गेल्या रविवारी सात मुले आली होती, त्यांतल्या चार मुली. शिलाई मशीनचे उदाहरण अजूनही उपयोगी पडते.