हातभर अंतरावरून : कोकण किनाऱ्यावरची प्रवासपत्रे

पत्र पहिले
हर्णे, डिसेंबर

ति. काकांस,


ॲक्शन कॅमेरा म्हणजे पाणी, धूळ आणि धक्के सोसणारा, छातीवर, हेल्मेटवर किंवा गाडीच्या हँडलवर बसवता येणारा, काड्यापेटीहून थोडासाच मोठा कॅमेरा. आणि दूरचे भव्य दृश्य टिपण्याच्या आशेने तो घेतला, तर हर्णे बंदरावरच निराशा पदरी पडते. समोर समुद्रात सुवर्णदुर्गाची तटबंदी डोळ्यांना ठसठशीत दिसत असते, पण पडद्यावर तिची नुसती काळपट रेघ उरते. याचे कारण भिंगात आहे. एका चौकटीत जेवढा कोन मावतो त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. फोनच्या मुख्य भिंगाचे आडवे दृष्टिक्षेत्र साधारण ७० अंश असते, तर या कॅमेऱ्यांचे ११८ अंशांपर्यंत जाते. दहा मीटर उंचीची भिंत एक किलोमीटरवरून पाहिली, तर ती जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करते, आणि चौकटीची उभी व्याप्ती ७० अंशांची धरली, तर ४के चित्राच्या २१६० ओळींपैकी त्या भिंतीच्या वाट्याला सतरा-अठरा ओळी येतात. उरलेल्या ओळी आकाश आणि पाणी वाटून घेतात.

त्याच बंदरावर पाठ फिरवून माशांच्या लिलावाकडे वळले, की हेच भिंग उपयोगी पडते. ओल्या वाळूवर पापलेट-सुरमईचे वाटे मांडलेले असतात, भोवती गिऱ्हाइकांचे कडे पडते, बैलगाड्या आणि टेम्पो त्या गर्दीतूनच वाट काढत असतात. अशा ठिकाणी मागे सरकायला जागा नसते आणि सरकले तर पुढे दुसराच कोणी उभा राहतो. विस्तृत भिंग हातभर अंतरावरूनही बोली लावणारीचा हात, तिच्या पायाशी पडलेली मासळी आणि मागची बोट एकाच चौकटीत घेते. फोकस जुळवण्याची वेळही येत नाही, कारण संवेदक, म्हणजे प्रकाशाचे चित्रात रूपांतर करणारी चकती, इतका लहान आणि भिंगाचे नाभीय अंतर इतके थोडे असते, की सुमारे ३०-४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे एकदमच स्पष्ट दिसते. पार्श्वभूमी धूसर करून चेहरा उठावदार करण्याची सोय मात्र याच कारणाने नाहीशी होते. लांब भिंगाचा छायाचित्रकार दुरून, न विचारता, कोणाचाही चेहरा उचलू शकतो. या कॅमेऱ्याला समोर जाऊन उभे राहावे लागते आणि साहजिकच आधी दोन शब्द बोलावे लागतात. हे बंधन गैरसोयीचे असले, तरी ते चांगले बंधन आहे. छातीवर गुपचूप चालू ठेवलेल्या कॅमेऱ्याने मात्र ते सहज चुकवता येते, म्हणून चित्रण चालू असल्याचा लाल दिवा सेटिंगमध्ये कधी बंद करू नये.

या कॅमेऱ्याचा जन्मही समुद्राच्या जवळिकीतूनच झाला. अमेरिकेतील निक वुडमन यांना लाटांवर फळी घेऊन स्वार होताना स्वतःचे छायाचित्र घ्यायचे होते. किनाऱ्यावरून काढलेल्या चित्रात माणूस ठिपक्याएवढा दिसे. त्यांनी २००२ मध्ये कंपनी काढली आणि २००४ मध्ये मनगटाला बांधायचा, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा पहिला ‘गोप्रो हिरो’ बाजारात आणला. चलच्चित्रण पुढच्या आवृत्त्यांत आले. कॅमेरा घटनेसमोर ठेवायचा नाही, घटनेत ठेवायचा, ही त्यामागची कल्पना मात्र आजही तीच आहे, आणि सुवर्णदुर्ग लहान का दिसतो, याचे उत्तर त्या कल्पनेतच आहे.

पत्र दुसरे
जयगड

दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला जाताना गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडावी लागते, आणि या दोन खाड्यांमधला रस्ता सतत वळणांचा व चढउतारांचा आहे. खिशात फोन असताना दुसरा कॅमेरा कशासाठी, या आपल्या प्रश्नाचे सर्वांत व्यावहारिक उत्तर याच रस्त्यावर मिळते. फोनच्या कॅमेऱ्यात हादरे शोषण्यासाठी भिंग किंवा संवेदक प्रत्यक्ष हलवणारी सूक्ष्म यंत्रणा असते; मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी ती बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. ॲक्शन कॅमेऱ्यात सहसा असा हलता भाग नसतो. त्यातील जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक, कॅमेरा किती आणि कोणत्या दिशेला वळला याची नोंद ठेवतो, आणि त्या नोंदीनुसार प्रत्येक चौकट उलट दिशेने सरकवून चित्र स्थिर केले जाते. सरकवायला जागा हवी म्हणून कडांचा थोडा भाग कापला जातो.

तरीही हँडलवर कॅमेरा बसवणे हा उत्साही प्रवाशाचा पहिला आणि बहुधा चुकीचा निर्णय असतो. संवेदक चित्र एका क्षणात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाचे बारीक कंपन त्या वाचनाच्या मधेच घुसले, की विजेचे खांब जेलीसारखे लवलवताना दिसतात. ही लवलव नंतर काढता येत नाही. छातीवरच्या पट्ट्यात कॅमेरा बसवला, तर शरीरच कंपन पिते. शिवाय हात, हँडल आणि आरसा चौकटीत येतात, आणि ज्या भिंगात रस्ता एरवी रिकामा व संथ वाटतो, त्यात जवळची वस्तू आल्याने वेगाचा अंदाज येतो.

प्रकाशाचे गणित थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण बहुतेक प्रवासी चित्रफिती तिथेच रुक्ष होतात. या भिंगाचे छिद्र सहसा लहान-मोठे करता येत नाही, त्यामुळे भर उन्हात प्रकाश आवरण्यासाठी कॅमेरा शटरचा काळ घटवतो आणि तो सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत उतरतो. प्रत्येक चौकट त्यामुळे सुरीने कापल्यासारखी धारदार येते आणि फेरीबोटीमागचे फेसाळ पाणी वाहत नाही, तुटक ठिणग्यांसारखे उडते. डोळ्याला सहज वाटणाऱ्या गतीसाठी शटरचा काळ चौकटींच्या अंतराच्या निम्मा असावा, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी असतील तर १/५० सेकंद, असा चित्रपटसृष्टीचा जुना संकेत आहे. तो पाळण्यासाठी भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणारी काळी काच, लावतात. एनडी ६४ ही काच चौसष्टावा भाग प्रकाशच आत सोडते. बोटीच्या संथ डेकवर ती उत्तम. खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र तीच काच घात करते, कारण १/५० सेकंदात बसलेल्या धक्क्याची पुसट रेघ चौकटीतच उमटते आणि चौकट कितीही सरकवली तरी रेघ जात नाही. तिथे एनडी १६ किंवा नुसते भिंग बरे. सेकंदाला २५ चौकटींचा आग्रह आपल्याकडे आणखी एका कारणाने धरावा : वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने, ३० चौकटी आणि विजोड शटर असले, तर खाणावळीतल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते.

पत्र तिसरे
मालवण

मालवणच्या पाण्यात या कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते, आणि ती जाहिरातींतल्या निळ्याशार चित्रांवरून वाटते तितकी सोपी नाही. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा भाग सर्वांत आधी गिळते. पाच-सहा मीटर खोलीवर तो जवळपास संपतो आणि लाल पट्ट्याचा मासा करडा दिसू लागतो. प्रवाळांच्या बेटांभोवतीच्या निळ्या पाण्यासाठी भिंगावर लाल फिल्टर सुचवला जातो. येथील पाणी गाळ आणि सूक्ष्म वनस्पतींमुळे बहुधा हिरवट असते आणि हिरव्याला उतारा जांभळट-गुलाबी, म्हणजे मॅजेंटा, रंगाचा लागतो. लाल फिल्टर लावला, तर येथे चित्र नुसते मातकट होते. फिल्टर नसेल, तर कॅमेऱ्यातील रंगसंतुलन स्वयंचलित न ठेवता ‘नेटिव्ह’ किंवा तत्सम पर्यायावर ठेवावे आणि रंग नंतर संगणकावर सावरावेत. जो रंग पाण्याने गिळलाच आहे, तो मात्र कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

दुसरी अडचण अपवर्तनाची, म्हणजे पाण्यातून काचेमार्गे हवेत शिरताना प्रकाशकिरण वाकण्याची आहे. सपाट काचेमागच्या भिंगाचे ११८ अंशांचे क्षेत्र पाण्याखाली गणिताने ऐंशीच्या आसपास येते आणि वस्तू एक-चतुर्थांशाने जवळ भासतात. हे एका अर्थी बरेच होते, कारण किनाऱ्यावर अंगावर येणारी वक्रता पाण्यात ओसरते. तरंगत्या गाळाचे कण मात्र कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितके पाणी तितके जास्त, त्यामुळे हर्ण्याच्या वाळूवरचा नियम येथे दुप्पट लागू होतो : हातभर अंतरावरून घ्यावे, नाहीतर घेऊच नये. त्या हातभर अंतरासाठी प्रवाळाला पाय टेकवण्याचा मोह होतो आणि तो आवरलाच पाहिजे, कारण हा समुद्र १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा परिसर आहे आणि अशा टेकूने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात. पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याने तर कॅमेरा प्रशिक्षकाकडेच द्यावा. श्वास आणि चौकट या दोहोंचा सांभाळ एकाच वेळी होत नाही.

यंत्राची काळजी हा विषय कंटाळवाणा आहे, पण खाऱ्या पाण्यात तोच सर्वांत महाग पडतो. बहुतेक गोप्रो कॅमेरे वेगळ्या कवचाशिवाय दहा मीटर खोलीपर्यंत टिकतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ अठरापर्यंत. पण हे आकडे बॅटरीचे झाकण नीट मिटलेले आहे असे गृहीत धरून दिलेले असतात, आणि झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला, तरी पाणी आत येते. बॅटरी त्यामुळे पुळणीवर कधी बदलू नये. बाहेर आल्यावर कॅमेरा झाकण मिटलेलाच गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा आणि सावलीत वाळू द्यावा. कोरड्या फडक्याने लगेच पुसला, तर सुकू लागलेले मीठ काचेवर ओरखडे काढते. कॅमेरा पाण्यात दगडासारखा तळाशी जातो, म्हणून तरंगती मूठ आणि मनगटाची दोरी, दोन्ही लागतात. पाण्याखाली पडद्याचा स्पर्श चालत नाही, म्हणून सगळ्या सेटिंग्ज वरच ठरवून खाली फक्त बटण दाबावे.

पाण्याखालच्या माशांपेक्षा मालवणच्या किनाऱ्यावरील रापण या कॅमेऱ्याला अधिक मानवते. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेले आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसांनी दोर धरून ओढलेले लांबलचक जाळे. दुरून काढलेल्या चित्रात वाळूवर वाकलेल्या माणसांची एक रांग दिसते, बाकी काही घडत नाही. विचारून दोराला हात लावला आणि कॅमेरा छातीवर असला, तर ताणलेला दोर, पुढच्याच्या पाठीवरचा घाम, टाचांनी उकरलेली वाळू आणि हळूहळू जवळ येणारी जाळ्याची पिशवी हे सारे क्रमाने आपोआप येते. त्यात छायाचित्रकाराचे कौशल्य थोडे आणि मेहनत बरीच असते. आवाज मात्र वाऱ्यात बुडतो. मायक्रोफोनवर स्पंजचे आवरण चढवणे किंवा वाऱ्याकडे पाठ करणे, यापलीकडे त्यावर विशेष इलाज नाही.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ ची. त्याच्या दरवाजाशी वळणावळणाची वाट आहे, आणि ती चालत जाताना घेतलेली अखंड फीत तटाची रचना कोणत्याही स्थिर चित्रापेक्षा स्पष्ट करते, कारण वाट बंद झाल्यासारखी वाटते आणि मग अचानक दरवाजा दिसतो, हा संरक्षणाचा डाव काळाच्या ओघातच कळतो. किल्ल्यातील शिवराजेश्वराच्या मंदिरासारख्या अंधाऱ्या जागी मात्र नखाएवढ्या संवेदकाची मर्यादा उघडी पडते आणि चित्र दाणेदार येते. जिथे छायाचित्रणास मनाई आहे, तिथे तो प्रश्नच उद्भवत नाही.

पत्र चौथे
देवगड, परतीच्या वाटेवर

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने घेतलेली ४के फीत तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा खाते. म्हणून रोज रात्री निवड करावी लागते, आणि तिथे या कॅमेऱ्याचा खरा दोष दिसतो : तो काहीच वगळत नाही. मोठ्या कॅमेऱ्याने चित्र घेताना डोळा आधी निवडतो आणि मग बोट दाबते. येथे आधी सर्व साठते आणि निवड मागाहून, थकलेल्या डोळ्यांनी करावी लागते. दहा-पंधरा सेकंदांचे तुकडेच मुद्दाम घ्यावेत, हा उपाय सोपा आहे आणि क्वचितच पाळला जातो. एकाच जागी ठेवून दर दोन सेकंदांनी एक चित्र घेणारी टाइमलॅप्स पद्धत याला अपवाद ठरते. अर्ध्या तासाच्या भरतीची ९०० चित्रे २५ चौकटींच्या वेगाने ३६ सेकंदांत संपतात, आणि जयगडच्या खाडीत चिखलातल्या होड्या पाण्यावर उचलल्या जाताना दिसतात.

सोबतच्या पेनड्राइव्हवर रापण, फेरीबोट आणि भरती एवढेच पाठवले आहे. सुवर्णदुर्ग वगळला आहे. घरच्या टीव्हीवर पाहण्यापूर्वी चित्राच्या सेटिंगमधील ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावे, कारण ती सोय दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवते आणि फेरीबोट दूरदर्शन मालिकेच्या सेटवर उभी असल्यासारखी दिसू लागते. काकूंना सा. न., लहानांस आशीर्वाद.