सही करायला चार दिवस लागले

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल मॅडमनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. एकच पान, खाली सहीची जागा. त्या सहीला मी चार दिवस लावले. का लावले ते सांगतो, कारण प्रश्न माझ्या एकट्याच्या सहीचा नाही.

झालं असं. गावाच्या पाण्यावर मी मागे बारा लेखांची मालिका लिहिली होती. जुन्या विहिरी, बारव, १९७२ ची सुकडी, खडी फोडायला गेलेल्या बायका, टँकरचं राजकारण, सगळं त्यात होतं. आता नवीन शैक्षणिक धोरणात कॉलेजचा अभ्यासक्रम बदललाय, फील्ड प्रोजेक्ट आलाय. भूगोलाच्या सरांना पोरांना गावचं पाणी शिकवायचंय, पण त्यावर पुस्तक कुठून आणणार? मग त्यांनी स्वतःच्या नोट्स आणि माझे लेख मिळून एक पुस्तिका करायचं ठरवलं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, घ्या की कॉपी करून. मी कुठे नाही म्हणतोय?"

"तोंडी चालत नाही, सर. एकदा लायब्ररीत या."

वाटलं, चहा होईल आणि सही होईल. दीड तास बसलो.

पहिलाच प्रश्न आला, हे लेख कुणाचे? मी म्हटलं, माझे. "पण तेव्हा तुम्ही पेपरात नोकरीला होता ना?" असं म्हणून त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ पुढे ठेवलं. वीस वर्षं या धंद्यात आहे, डिप्लोमाला कायद्याचा पेपर दिलाय, तरी हे मला धड माहीत नव्हतं. वेगळा करार नसेल, तर नोकरीतल्या पत्रकाराने पेपरसाठी लिहिलेल्या लेखाचा पेपरात-मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी हक्क लिहिणाऱ्याचा. "नेमणुकीच्या पत्रात काही वेगळं लिहिलंय का, ते घरी जाऊन बघा," म्हणाल्या. बघितलं. नव्हतं.

मग फोटो. बारवेचा जुना फोटो आमच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी काढलेला. काका आता नाहीत. मॅडम स्वतः त्यांच्या मुलाकडे जाऊन लेखी परवानगी घेऊन आल्या. सरांनी नोट्समध्ये गुगलवरून उचललेली चार चित्रं होती, ती काढायला लावली. दोनच्या जागी खुल्या परवान्याची चित्रं शोधून दिली, उरलेली दोन सरांनी हाताने काढली.

आणि मग माझी चूक. मी लिहिलं होतं, "१९७२ ला रोजगार हमीचा कायदा आला." मॅडमनी पेन्सिलीने खूण केली होती. योजना १९७२ ची, कायदा १९७७ चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. इतक्या वर्षांत एकाही वाचकाने की संपादकाने हे दाखवलं नव्हतं. कान लाल झाले, खोटं कशाला बोलू.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? पीडीएफ करा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाका, मोकळे व्हा. माझंही तेच म्हणणं होतं. तेव्हा मॅडमनी फुकट आणि खुलं यातला फरक समजावला. ग्रुपवर आलेली पीडीएफ फुकट असते, पण ती कुणाची, त्यात बदल करायचा का, शेजारच्या तालुक्यातल्या सरांनी आपल्या विहिरी घालून ती वापरायची का, काहीच कळत नाही. दोन वर्षांनी फोन बदलला की ती गायब. आणि चूक सापडली तरी दुरुस्त करायची कुणी?

झेरॉक्सचंही तसंच. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण शिकवण्यासाठी कायद्यात सूट आहे. पण ती सूट शिकवण्यापुरती. दुसऱ्याचं पुस्तक बदलून, आपली भर घालून जगासाठी ठेवायचं, तर परवाना लागतो.

असे तयार परवाने क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाने २००२ पासून आहेत. मॅडमनी मला ते किराणा सामानाच्या यादीसारखे समजावले. एकात फक्त नाव द्यायचं, बाकी काहीही करा. एकात नाव द्या, आणि तुम्ही बदल करून जे बनवाल तेही याच अटीवर खुलं ठेवा. एकात धंदा करायचा नाही. एकात बदलच करायचा नाही, म्हणजे भाषांतर करूनही वाटता येत नाही. दोन वेगळ्या परवान्यांचा मजकूर एकत्र करताना काय जुळतं आणि काय नाही, हे बघणं ग्रंथपालाचं खरं काम. सरांना ते माहीत नसतं, आणि माहीत असण्याची अपेक्षाही नाही.

इथे माझं घोडं अडलं. काही वर्षांपूर्वी माझाच एक लेख एका गाईडमध्ये सापडला होता, माझ्या नावाशिवाय, विकायला. म्हणून मी म्हटलं, धंदा करायचा नाही ती अट टाका. मॅडम म्हणाल्या, टाका, तुमचा हक्क आहे. पण मग विकिपीडियावर हा मजकूर जाणार नाही, आणि एखादा छोटा प्रकाशक स्वस्तात छापायलाही कचरेल. शिवाय परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. त्यात मला या मालिकेचं पुस्तक करायचं होतं, चार पैसे मिळतील म्हणून. आमच्या धंद्यात मानधनाची काय तऱ्हा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून चार दिवस.

याच चार दिवसांत लायब्ररीत आणखी एक गोष्ट पाहिली. सरांच्या नोट्स जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. आमच्या पेपरातही वर्षानुवर्षं तेच चालायचं. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की सगळी अक्षरं म्हणजे गिचमिड. मॅडमनी सगळं युनिकोडमध्ये आणलं, आणि उलटलेल्या वेलांट्या, तुटलेली जोडाक्षरं ओळीओळीने दुरुस्त केली. बी.ए.ला एक दृष्टिहीन मुलगा आहे, तो मोबाइलकडून वाचून घेतो. जुन्या फाइलीतलं त्याला एक अक्षर लागत नव्हतं. नवी फाइल त्याने माझ्यासमोर लावली. स्वतःचा लेख मोबाइलच्या आवाजात ऐकताना मला कसंतरीच झालं. तो मात्र दोन परिच्छेद ऐकून म्हणाला, "सर, वाक्यं लांब आहेत तुमची."

पाचव्या दिवशी सही केली. नाव द्या आणि तुमचंही खुलं ठेवा, हा परवाना. पुस्तक मला अजूनही काढता येईल, हक्क माझ्याकडेच आहे. गाईडवाल्याने उचललं, तर त्याला माझं नाव छापावं लागेल आणि परवान्याची अटही पाळावी लागेल. नाही पाळली तर भांडायला माझ्या हातात कागद आहे, जो मागच्या वेळी नव्हता.

अमेरिकेत राइस विद्यापीठाने २०१२ पासून ओपनस्टॅक्स या नावाने कॉलेजची पाठ्यपुस्तकं खुली केली. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने खुल्या पाठ्यपुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. तिकडे बऱ्याच विद्यापीठांत प्राध्यापकांना अशी पुस्तकं करायला मदत करणं हे ग्रंथपालाच्या कामातच धरतात. युनेस्कोने २०१९ मध्ये खुल्या शैक्षणिक साहित्याबद्दल शिफारस मंजूर केली, त्यातही ग्रंथालयांना वाटेकरी मानलंय. मराठीतून शिकवा म्हणून आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. पण मराठीतलं साहित्य तपासून, परवाना लावून, जपून ठेवणारं माणूस कोण, हे कुणी बोलत नाही.

आमच्या मॅडम पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. जागा भरणार का, असं ऑफिसात विचारलं, तर उत्तर मिळालं, "चावी क्लार्ककडे देऊ." चावीने कपाट उघडेल हो. पण कलम १७ कोण काढून दाखवणार, १९७२ वर पेन्सिलीने खूण कोण करणार?

म्हणून दोन विनंत्या. तुमच्या गावच्या कॉलेजात पूर्णवेळ ग्रंथपाल आहे का, हे पालक आणि माजी विद्यार्थी म्हणून संस्थेला लेखी विचारा. आमच्या संस्थेला मी सोमवारी पत्र देतोय, सोबत कोण येणार ते कमेंटमध्ये सांगा. आणि तुमच्याकडे गावाचे जुने फोटो, नोंदी, नकाशे असतील, तर ग्रुपवर टाकण्याआधी एकदा लायब्ररीत घेऊन जा.

मे महिन्यापर्यंत मॅडम आहेत. चहा मिळेल, पण दीड तास काढून जा.